शंकरपटाचं सूत

पटात बैल खोटं बोलत नाही, पंच बोलतो. हे मत मी पुलगावच्या बाजारात, गिरणीच्या गेटवर आणि चहाच्या टपरीवर इतक्या वेळा आणि इतक्या चढ्या आवाजात सांगितलं, की शेवटी लोकांनी मलाच पंच केलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या त्या पंचकीचं काय झालं, हे माझी बायको सोडली तर एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि त्याने ते कधी कोणाजवळ काढलं नाही. म्हणून मीच लिहून ठेवतो.

ज्यांनी शंकरपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात संक्रांत उलटली की गावोगावी बैलांच्या शर्यती लागत. पडीत वावरात दोन सरळ पट्ट्या आखायच्या, दगड वेचायचे, माती चोपायची. या पट्टीला दाण म्हणतात. एका दाणीत एक जोडी, शेजारच्या दाणीत दुसरी. जोडीमागे हलका छकडा आणि छकड्यावर एकच माणूस, तो धुरकरी. झेंडी पडली की दोन्ही जोड्या सुटतात, आणि तुम्ही एक जांभई देऊन तोंड मिटेपर्यंत शर्यत संपलेली असते. एवढ्याशा वेळासाठी माणसं दहा-दहा कोसांवरून येत आणि तीन-तीन दिवस मुक्काम ठोकत. वेडेपणाच तो. मीही त्याच वेड्यांतला.

मी धुरकरी नव्हतो, माझ्या दावणीला बैलही नव्हते. मी बैलांवर पैसे लावणारा. सत्तरच्या दशकात पुलगावच्या कापडगिरणीत रिंग खात्यात लागलो. यंत्रासमोर येरझारा घालायच्या आणि जिथे सूत तुटेल तिथे ते जोडायचं, एवढंच काम. पण पटाचे दिवस आले की माझं लक्ष सुतात नसे. रजा मिळाली तर रजा, नाही तर पोटदुखी.

लावण्याची माझी पद्धत ठरलेली होती. सकाळी बैल हौदावर पाण्याला येतात तेव्हा जाऊन उभं राहायचं. तेव्हा त्यांच्या अंगावर झूल नसते, शिंगांना बेगड नसते आणि मालक अर्धवट झोपेत असतो. पाणी पिताना बैल पुढचा पाय कसा टेकवतो, कान कुठे फिरवतो, मागून कोणी खाकरलं तर पाठीची कातडी थरथरते का, एवढं पाहिलं की पुरे. मालकाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, मिशांकडे तर मुळीच नाही. दोस्ती, नातं, जात, गाव यातलं काही पाहून पैसे लावले की ते लावणं राहत नाही, ती वर्गणी होते.

आमच्या खात्यात मुंबईहून आलेला एक जॉबर, म्हणजे मुकादम, होता. त्याला घोड्यांचा नाद. आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र घेऊन तो जेवणाच्या सुट्टीत घोड्यांची नावं वाचत बसे आणि मुंबईतल्या भाच्याला तार करून पैसे लावे. मला हसू येई आणि रागही येई. ज्या जनावराच्या अंगाचा वास आपल्याला माहीत नाही, ज्याला आपण कधी पाणी पिताना पाहिलं नाही, त्याच्यावर पैसा कसला लावायचा? मी त्याला तसं तोंडावर म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "तिकडे कोणत्या घोड्याचं नाक पुढे आलं त्याचा फोटो निघतो. नियमांचं पुस्तक असतं. घोडेवाला कितीही मोठा असो, दंड होतो. तुमच्याकडे काय आहे? पाटलांचा डोळा."

ते मला झोंबलं, कारण ते खरं होतं.

आमच्या पटाचा कारभार पाच जणांची कमिटी पाहत असे, पण निकाल देत एकटे पाटील. गावाचं नाव लिहीत नाही. पुलगावपासून दोन कोस धरा. पाटील सत्तरीला आलेले, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. दाण संपते तिथे खाट टाकून बसत आणि हात वर करून डावी की उजवी ते सांगत. माणूस वाईट नव्हता. पण पाहुणा फार लांबून आलेला असला की त्याची जोडी त्यांना जराशी पुढेच दिसे. ज्याने बक्षिसाची ढाल दिली त्याचीही दिसे. बैल हाकायच्या पराणीला खिळा लावायला बंदी होती. तो खिळा मात्र त्यांना कधीच दिसत नसे. आणि पाटील स्वतः लावत. सगळेच पंच लावत. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. ज्याला बैलातलं कळतं तोच पंच होणार, आणि ज्याला कळतं तो लावल्याशिवाय कसा राहणार, असं सरळ उत्तर होतं. मीही यावर कधी तोंड उघडलं नव्हतं. माझा राग पाटलांच्या डोळ्यावर होता, त्यांच्या खिशावर नव्हता. ही माझी चूक मला फार उशिरा कळली.

जॉबरच्या त्या बोलण्यानंतर मी डोकं लढवलं आणि पटाच्या बैठकीत जाऊन उभा राहिलो. म्हटलं, प्रत्येक दाणीच्या शेवटी दोन बांबू रोवा. बैलांच्या छातीइतक्या उंचीवर आडवं सूत बांधा आणि सुताच्या जोरावर एक लाल झेंडी उभी ठेवा. बैलांच्या छातीने सूत तुटलं की झेंडी पडेल. ज्याची झेंडी आधी पडेल तो जिंकला. दोन्ही दाणींना एकाच बॉबिनचं, एकाच नंबरचं सूत. बॉबिन मी खात्याच्या मास्तरांना विचारून गिरणीतून आणीन.

पाटील म्हणाले, "म्हंजे माह्या डोयावर भरोसा नाई तुमचा?"

"डोयावर हाये, पाटील," मी म्हणालो. "पर डोयाले पापणी राह्यते. सुताले पापणी नाई."

लोक हसले, पाटीलही हसले आणि सूत मंजूर झालं. सुताची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली. अशा रीतीने मी पंच झालो. पहिली दोन वर्षं एकही भांडण झालं नाही. हरलेला माणूस पडलेल्या झेंडीकडे पाही आणि गुमान बैल सोडी. बाजारात लोक मला थांबवून शाबासकी देत. माझी मान त्या दोन वर्षांत जरा ताठच झाली होती.

आता माझ्या सोबत्याबद्दल सांगायला हवं. तो नाचणगावचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरचा. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी गिरणीत गेलो, तो वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी घेऊन आठवड्यातून दोनदा पुलगावच्या बाजाराला येऊ लागला. त्याची जोडी गवळाऊ, आपल्या जिल्ह्याचीच जात, पांढरी आणि अंगाने सडपातळ. आठवडाभर भाजी वाहायची आणि पटाच्या दिवशी धावायचं, असे ते बैल. डाव्या बाजूचा त्याच्या घरच्या गाईचा होता. लहानपणी काटेरी कुंपणात अडकून त्याचा एक कान फाटला होता. सोबत्याच्या हातात पराणी कधी दिसली नाही. तो छकड्यावर वाकून फक्त जिभेने टकटक करी, आणि फाटक्या कानाचा तो बैल मान खाली घालून असा सुटे, की उजव्याला त्याच्याबरोबर धावण्याशिवाय इलाज नसे. तो दर वर्षी काही जिंकत नसे. पण मी दर वर्षी त्याची जोडी पाण्यावर पाही, आणि बहुतेक वेळा माझे पैसे तिच्यावरच असत.

सुताचं तिसरं वर्ष. पटाच्या पहिल्या दिवशी आम्ही टपरीवर चहा पीत होतो. शेजारी जाम गावचा एक माणूस बसला होता. जामच्या चौफुलीवर त्याचं ट्रकच्या टायरांचं दुकान होतं. नवी जोडी घेऊन आला होता, तरणी आणि चांगली उंच. बोलता बोलता तो सोबत्याला म्हणाला, "भाजी वाह्यनाऱ्या बैलाले पटात काऊन आणता, बाप्पा? थकून जाते ना बिचारे."

सोबत्याने बशीत चहा ओतला. जामचा माणूस पुन्हा म्हणाला, "बैल लावता का? हारणाऱ्यानं एक बैल द्याचा. कोणता, ते जितनारा सांगन."

अशी पैज आमच्याकडे क्वचित लागे. जुनी माणसंही ती टाळत, कारण जोडीतला एक गेला की दुसराही निम्मा होतो. मला वाटलं, सोबती हसून उठेल. त्याने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "लावतो."

मी त्याला बाजूला घेतलं. "काऊन रे? घरचा बैल हाये तुहा."

"आठ वर्षं झाले ते भाजी वाहून राह्यले," तो म्हणाला. "त्यायच्या तोंडावर कोणी असं बोलन, अन् मी उठून येऊ?"

पाटलांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, हा तुमच्या दोघांतला मामला, कमिटीचा त्यात संबंध नाही. घोड्यांच्या शर्यतीत काय करतात मला माहीत नाही. पण ज्या मैदानावर शर्यत आपण लावतो, त्या मैदानावर कोणाचं काय पणाला लागलं आहे याच्याशी आपला संबंध नाही, असं कमिटीला म्हणताच येऊ नये, हे माझं मत आहे. त्या वेळी मी तेही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौदावर गेलो. सोबत्याची जोडी आली. उताराला लागताना उजवा बैल पाय आखडत होता. जराच, पण आखडत होता. माझ्या डोळ्यांनी ते टिपलं. मग जामची जोडी पाहिली. तिच्यात खोट नव्हती. मी पुष्कळ वेळ तिथे उभा राहिलो. दोस्ती पाहून लावायचं नाही, हे मीच शंभर जणांना शिकवलेलं. टपरीवाल्याजवळ मी दहा रुपये जामच्या जोडीवर लावले. सोबत्याला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. माझा पैसा कुठे असणार हे त्याने धरूनच चाललेलं होतं.

तिसऱ्या दिवशी, उन्हं चढल्यावर, त्या दोघांची पाळी आली; सोबत्याला डावी दाण, जामच्या माणसाला उजवी. त्यांच्याआधी डाव्या दाणीत एक छकडा अगदी शेवटाजवळ उलटला. माणसाला फार लागलं नाही, पण माती उखडली. दोघा जणांनी खड्डा भरला, चोपणीने चोपला आणि धुरळा बसावा म्हणून बादलीतून हाताने पाणी मारलं. मी त्याआधीच दोन्ही दाणींना नवं सूत बांधून ठेवलं होतं. डाव्या सुतावर पाणी उडालं. या बांबूपासून त्या बांबूपर्यंत सुताला बारीक थेंब लटकले होते आणि ते उन्हात चमकत होते.

मी रिंग खात्यातला माणूस. ओलं सूत चिवट होतं, ते ताणतं आणि मग तुटतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. गिरणीत छतातून पाण्याचे बारीक फवारे सोडतात ते त्याचसाठी. उन्हाळ्यात फवारे बंद पडले की सूत तटातटा तुटे आणि आमची धावून धावून दमछाक होई. बॉबिन माझ्या खिशात होती. नवं सूत बांधायला तंबाखू चोळायला लागतो तेवढा वेळ लागला असता. मी खिशात हात घातला, बॉबिन हाताला लागली. तिकडे जोड्या उभ्या राहत होत्या, लोक ओरडत होते. मी हात तसाच बाहेर काढला. म्हटलं, एवढ्याने काय होतं!

त्या क्षणी मला ते दहा रुपये आठवले का? छातीवर हात ठेवून सांगतो, रुपये आठवले नाहीत. आठवलं ते वेगळंच. मी हौदावर उजव्या बैलाचा पाय पाहिला होता, आणि माझं पाहणं खरं ठरायला हवं होतं. पैशापेक्षा हे वाईट, असं आता मला वाटतं.

झेंडी पडली. सुटलेल्या दोन्ही जोड्या अशा बरोबरीने आल्या की मधला बांध दिसेनासा झाला. सोबती छकड्यावर वाकलेला, पराणीचा हात रिकामा. फाटक्या कानाच्या बैलाची मान खाली. दोन्ही जोड्या सुतावर आल्या. उजवी लाल झेंडी पडली. डावीकडचं सूत बैलांच्या छातीवर ताणलं, झेंडी डगमगली आणि मग पडली. मधे किती वेळ गेला म्हणाल, तर पापणी लवायला लागतो तेवढाही नाही.

डाव्या बाजूची माणसं नाचणगाव, नाचणगाव म्हणून नाचायला लागली होती. त्यांनी बैल पाहिले होते, झेंडी पाहिली नव्हती. पाटील खाटेवरून उठले, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मले तं नाचणगावची पुढं दिसली रे. चांगली वीतभर."

ज्या डोळ्याला मी दहा वर्षं नावं ठेवली होती, तो डोळा त्या दिवशी बरोबर होता. मी म्हणालो, "डोयाचं आयकाचं नाई, पाटील. सुताचं आयकाचं. ठरलं हाये आपलं."

सोबती बैलांना चुचकारत परत आला. लोक त्याला सांगत होते, तूच जिंकला, भांड. त्याने मला एवढंच विचारलं, "सुतानं काय सांगितलं?"

"उजवी," मी म्हणालो.

"मंग उजवी."

जामच्या माणसाने फाटक्या कानाचा बैल मागितला. मागताना तोही जरा वरमला होता, पण मागितला. आमच्याकडे बैल दुसऱ्याला देताना आपलं दावं देत नाहीत, ते घरी ठेवतात. जामच्या माणसाकडे जादा दोरी नव्हती. कोणाच्या तरी छकड्याची दोरी सोडून आणली. सोबत्याने ती बैलाच्या गळ्यात स्वतः बांधली, आपलं जुनं दावं काढलं आणि हातावर गुंडाळून घेतलं. बैल दोरीमागे निमूट गेला. मागे राहिलेला उजवा मात्र संध्याकाळपर्यंत हंबरत होता, आणि तेवढा वेळ सोबती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मी लांबून पाहत होतो. टपरीवाल्याने माझे पैसे आणून दिले, ते मी घेतले.

त्यानंतर सोबती बाजाराला यायचा तो दुसऱ्याच्या गाडीत भाजीची टोपली ठेवून. माझ्यासाठी सांभाराची जुडी बाजूला काढून ठेवायची त्याची सवय त्याने मोडली नाही. ती जुडी घरी नेताना मला रस्ता संपत नसे.

दोन आठवडे मी कसेबसे काढले. मग एका सुट्टीच्या दिवशी अंगणात दोन बांबू रोवले. त्याच बॉबिनचं सूत बांधलं. एका काठीचं टोक सुताच्या मधोमध टेकवून, सरळ पुढे चालत गेलो आणि जिथे सूत तुटलं तिथे जमिनीवर कोळशाने खूण केली. मग बायकोला म्हटलं, तांब्याभर पाणी आण आणि या सुतावर शिंपड. ती शिंपडत गेली. कोरडं, ओलं, कोरडं, ओलं. दहादा केलं. ओल्याची खूण दर वेळी पुढे. मी खाली बसलो आणि हाताने मोजलं. वीतभर.

बायकोने तांब्या खाली ठेवला. "हे काय करून राह्यले तुमी?"

मी तिला सगळं सांगितलं, दहा रुपयांसकट. तिने त्या खुणा एकदा पाहिल्या. मग म्हणाली, "मले काऊन सांगता? ज्याचा बैल गेला त्याले जाऊन सांगा ना."

मी त्याच दुपारी नाचणगावला गेलो. सोबती सांभाराच्या वाफ्यांना पाणी देत होता. फावड्याने एका वाफ्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं उघडायचं. विहिरीजवळच्या खोपटात खुंटीवर ते जुनं दावं टांगलेलं होतं. मी बांधावर बसलो नाही, उभाच राहिलो.

"तुह्या बाजूचं सूत ओलं होतं," मी म्हणालो.

त्याचं फावडं थांबलं नाही. "हो. पाह्यलं होतं मी."

"कवा?"

"जोडी उभी करतानी. पाणी मारून राह्यले होते तवा. दुरून चमकत होतं."

"मंग बोलला काऊन नाई?"

तो सहज म्हणाला, "तू होता ना तिथं. सुतातलं तुह्यापेक्षा कोणाले समजते? मी म्हटलं, फरक पडत नसन. पडत असता तं तू बदलवलं असतं."

मला वाटलं होतं तो चिडेल. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेलो असतो. हे ऐकून तसंच परत फिरावंसं वाटलं. पण आलोच होतो तर अर्धवट ठेवून चालणार नव्हतं.

"मी जामच्या जोडीवर लावले होते," मी म्हणालो.

आता फावडं थांबलं. वाफा भरला, पाणी काठावरून वाहायला लागलं, बांध फुटला, तरी तो तसाच उभा. इतक्या वर्षांत त्याने पाणी वाया जाऊ दिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "काऊन? काय दिसलं तुले माह्या जोडीत?"

"उजवा उतारावर पाय आखडत होता. हौदावर पाह्यलं मी."

"खुरात खडा गेलता त्याच्या. मी त्याच दिवशी काढला." तो माझ्याकडे पाहत होता. "मले इचारलं असतं तं सांगितलं असतं ना."

मी म्हणालो, आपण आत्ता पाटलांकडे जाऊ. मी सगळ्यांसमोर सांगतो, निकाल फिरवायला लावतो. जामला जाऊ, बैल परत मागू. त्याने फुटलेल्या बांधावर मातीचा लोंदा टाकला आणि फावड्याने दाबला.

"गेलतो मी जामले," तो म्हणाला. "इकत घेतो म्हटलं, पैसे घे. त्यानं आठ दिवसांतच बैल इकला. बाजारात कोणी दलाल होता म्हणे, कुठचा ते त्यालेबी मालूम नाई."

 निघताना त्याने नेहमीसारखी जुडी उपटून, मुळं धुऊन माझ्या हातात दिली. मी ती घेतली. नको म्हणायचाही हक्क आपल्याला राहिला नाही, असं मला वाटलं.

त्याने पुन्हा जोडी केली नाही. उजव्या बैलाला एका शेजाऱ्याच्या बैलाबरोबर सावडीने, दोघांच्या वावरात मिळून, कामाला लावलं. दोघं आपापल्या चालीने चालत आणि जू नेहमी एका बाजूला कललेलं असे. पटाला मात्र तो पुढच्या वर्षीही आला, पाहायला.

त्या वर्षी पटाआधीच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हटलं, एक नियम करा. जो पंच असेल त्याने लावायचं नाही. एक रुपयाही नाही, कोणाच्याही जोडीवर नाही. आणि हे वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

गलका झाला. पाटील दुखावले. त्यांना वाटलं, हे त्यांच्यावरच आहे. म्हणाले, "कोणासाठी हा नियम, नीट सांग ना. कोणं काय केलं?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. माझ्यासाठी, मी केलं, एवढंच म्हणायचं होतं. चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल मान होता. सोबती मागे भिंतीला टेकून बसला होता. मी म्हणालो, "कोणासाठी नाई, पाटील. सगळ्यायसाठीच."

सगळ्यांत आधी हात वर केला तो सोबत्याने. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले, शेवटी पाटलांचाही. लोक म्हणाले, वा, याला म्हणतात सरळ माणूस, स्वतः लावणारा असून स्वतःवर बंदी घालून घेतली. कमिटीची वही लिहिणाऱ्या शाळेच्या गुरुजींनी तिच्यात नियम लिहिला.

तेव्हा सोबती बसल्या जागेवरून बोलला. बैठकीत तो कधी बोलत नसे, म्हणून सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"नियम बरा हाये," तो म्हणाला. "पर त्याच्या खाली आनखीन एक लिहा. पंचाले जे दिसलं, ते त्यानं तवाच सांगावं."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाटील हसले. "हे काय लिहाले लागते का, बाप्पा? पंच म्हटला म्हंजे सांगनच ना तो."

गुरुजींनी पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. सुताचा पंच मी होतो, मी हो म्हटलं असतं तर त्यांनी ते लिहिलं असतं. सगळे माझ्या बोलण्याची वाट पाहत होते. गुरुजी थोडा वेळ थांबले, मग त्यांनी वही मिटली. मी तेव्हाही बोललो नाही.